द्वारकेहून आलेले आम्ही

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा, भावाच्या मुलाचा, फोन आला. घराण्याची वंशावळ छापायची आहे, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसह, आणि तिला प्रस्तावना मी लिहावी, कारण मी जन्मभर जुन्या जालन्यातल्या शाळेत इतिहास शिकवला. "आत्या, जास्त न्हाई, दोन पानं बास. द्वारका, मंग देवगिरी, मंग आपण," तो म्हणाला, जणू एसटीचे थांबे सांगत होता. मी फोन आपटला. मला राग आला होता. प्रस्तावना मी लिहिली नाही, त्याऐवजी हे प्रकरण लिहायला बसले. आडनाव मात्र इथे लिहीत नाही. लिहिलं की गावोगावचे चुलते काठ्या घेऊन दारात उभे राहतील, आणि आता माझ्यात भांडायचा दम असला तरी जिने उतरायचा नाही.

आमचं गाव हसनाबादच्या वरच्या अंगाला. घर पाटलाचं, पण मातीचंच. पुढे ओसरी, मागे चूल आणि गोठा. पहाटे जात्याची घरघर आणि विहिरीवरच्या मोटेची कुरकुर एकदमच सुरू व्हायची, आणि त्या दोन्हींवर माझ्या वडिलांचा, आप्पांचा, खाकरण्याचा आवाज चढायचा. मी अगदी लहान होते तेव्हा आप्पा शेरवानी घालायचे, उर्दूत सही करायचे आणि निजाम सरकारच्या सनदेची गोष्ट पाहुण्यांना सांगायचे. मग पोलीस ॲक्शन झाली. शेरवानी पेटीच्या तळाशी गेली, सनद कुठे गेली ते कुणी विचारलं नाही, आणि आप्पा फेटा बांधायला लागले. निजाम गेला आणि आमच्या घरी यादव आले. तोवर आम्ही कोण होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर रोज सांगायला लागले.

सांगायला एक भाट यायचा. सुगी झाली की तो ओसरीवर मुक्काम ठोकायचा. माय त्याच्यासाठी येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी करायची, वर करडईच्या तेलाची तर्री, आणि तो भाकरी कुस्करून असा जेवायचा की गोठ्यातल्या म्हशीही माना वळवून बघायच्या. पोट भरलं की डोळे मिटून सुरू. द्वारका बुडाली, यदूचे वंशज दक्षिणेला आले, त्यांत दृढप्रहार नावाचा वीर निघाला. त्याचा मुलगा सेउणचंद्र, त्याच्या नावानं हा मुलूख सेउणदेश झाला. पुढे भिल्लमानं देवगिरी बसवली, सिंघणानं राज्य वाढवलं, मग रामदेवराय, मग दिल्लीहून अल्लाउद्दीन, आणि शेवटी हरपाळदेव, ज्याची जिवंत कातडी सोलली. इथे भाट थांबून एक उचकी द्यायचा आणि आप्पा डोळे पुसायचे. त्या धामधुमीत यादवांचा एक वीर घोड्यावरून निसटला, जखमी होऊन आमच्या गावाबाहेरच्या लिंबापलीकडे पडला, आणि तिथेच त्याचा दगड झाला. तो आमचा मूळपुरुष. दगड व्हायच्या आधी त्याला मुलं कधी झाली, हे मी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल आप्पांनी पितळी तांब्या फेकून मारला.

पुढे मी हेच सगळं पुस्तकांतून वाचलं. यादव मोठे होते, यात शंका नाही. पण द्वारकेची गोष्ट त्यांनी राज्य मिळाल्यावर कोरून घेतलेली आहे. राजा झालं की प्रत्येकाला कृष्णच पूर्वज लागतो. हातात नांगर होता तेव्हाचा पूर्वज कुणालाच नको असतो. आणि अजून एक गोष्ट वाचली, जी भाटानं कधीच सांगितली नव्हती. जुने बखरकार लिहितात की रामदेवरायानं तह करताना आपली मुलगी अल्लाउद्दीनाला दिली. विद्वान त्यावर वाद घालतात, घालोत. पण भाटाच्या तोंडी एवढे राजे, एवढे घोडे, एवढ्या तलवारी, आणि त्यात एक बाई नव्हती. आमच्या वंशात जणू पुरुषच पुरुषांना जन्म देत आले होते.

मूळपुरुषाचा दगड गावाबाहेर त्या लिंबापलीकडे होता. पुरुषभर उंच, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं इतका फुगलेला की डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळू नये. वर फक्त चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. दसऱ्याला घरातले पुरुष त्याला तेल-शेंदराचा नवा थर द्यायचे. बायकांनी लिंबाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पुरणपोळ्या आम्ही लाटायच्या, वडे आम्ही तळायचे, डोक्यावरून टोपलं लिंबापर्यंत आम्ही न्यायचं, आणि तिथून पुढे ते पुरुषांनी उचलायचं. नैवेद्याचा घासही घरी परत येत नसे. मूळपुरुषाचा प्रसाद बायकांना चालत नाही म्हणायचे. पुरण शिजवताना चुलीचा धूर मात्र चालायचा.

माझी मोठी बहीण अक्का. तिचं लग्न आप्पांनी असंच कुळी बघून, घोड्यावर मिरवून लावलं होतं. वर्षभरात नवरा तापानं गेला. अक्का परत आली तेव्हा तिचे हात आधी दिसले. मनगटं इतकी मोकळी की दुसऱ्याच कुणाची वाटावीत. ती पूर्वी भांडी घासायची तेव्हा बांगड्यांचा आवाज न्हाणीतून ओसरीपर्यंत यायचा; आता ती कुठे काम करते आहे ते शोधावं लागायचं. वय म्हणाल तर अजून आंब्याच्या कैऱ्या पदरात लपवून खायचं होतं. गावात साध्या घरांत पाट लागायचे. विधवेला दुसरं घर मिळायचं, पोरंबाळं व्हायची, कुणी त्यात काही बोलत नसे. पण आम्ही देवगिरीचे. आमच्यात पाट नाही. माय एकदाच म्हणाली, "पोरीचा सारा जन्म जायचाय अजून." आप्पा म्हणाले, "यादवांच्या घरात पाट लागल्याचं भाटाला म्हणायला लावू का?" भाट तेव्हा आमचीच आमटी ओरपत होता. त्यानं मान हलवली.

बदनापूरच्या सरकारी फार्मवर मुरलीधर नावाचा एक जण कामाला होता. आमच्याच जातीचा. सुधारलेल्या ज्वारीचं बियाणं घेऊन गावोगाव फिरायचा, आमच्या शेतातही त्यानं दोन पट्टे पेरून दाखवले होते. अक्का न्याहारी घेऊन शेतात जायची. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण एक दिवस धपाटे थापताना अक्का गुणगुणली, आणि मायनं माझ्याकडे पाहिलं. मग एके दिवशी तो सरळ आईला घेऊन ओसरीवर आला. त्याची आई काटक, नाकात मोठी चमकी. पाणी पिऊन तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "पाटील, लेकाला तुमची थोरली पसंत हाये. पाट लावून नेतो. आमच्यात लागतो. म्या स्वतः पाटाची बाई हाये."

आप्पा हसले. त्यांचं ते हसणं मला अजून चीड आणतं. "कुळी काय तुमची?"

मुरलीधर म्हणाला, "आजोबापस्तोर माहीत हाय, पाटील."

"त्याच्या मागं?"

"त्याच्या मागं कुणीतरी असंलच की. बिगर बापाचा आजा कसा हुईल?"

आत माय फिस्सकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. आप्पा उठून उभे राहिले. पण तेवढ्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. माय दारात आली. डोक्यावर पदर, आवाज खाली, पण पाहुण्यांसमोर बोलली. "तुमी न्हाई म्हणू नका अन्‌ म्या व्हय म्हणत न्हाई. मूळपुरुषाला कौल लावा. त्यो म्हणंल ते बराबर." आप्पांना आता मागे फिरता येईना. ज्या देवाच्या नावानं ते गावाला दरडावत होते, त्याला विचारायला कामून नको, हे भावकीपुढे कसं सांगणार? त्यांनी दसऱ्याचा दिवस ठरवला.

कौलाची रीत सोपी होती. दगडाच्या उजव्या अंगाला एक झेंडूचं फूल चिकटवायचं, डाव्या अंगाला एक. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बायको बाळंत कुठे करायची इथपासून विहीर कुठे खणायची इथपर्यंत सगळं त्या दोन फुलांवर चालायचं. आप्पांचा हात त्यात मुरलेला होता. सकाळीच त्यांनी चुलीपाशी येऊन मायला सांगितलं की तेल तापवून दे, जास्त दे, आणि शेंदरात मेण घातलं आहे, ते नीट विरघळलं पाहिजे. त्यांच्या मनात काय आहे ते मला तेव्हाच कळलं. उजव्या अंगाला ओला, चिकट, बोटभर जाडीचा थर द्यायचा, म्हणजे फूल रुतून बसेल. डावीकडे नुसता हात फिरवायचा, म्हणजे ते वाऱ्यानंही पडेल. देवालाही फसवायचं, आणि वर देवानं नाही म्हटलं म्हणून सांगायचं. निघायच्या वेळी मायनं कढईतलं तेल धूर निघेपर्यंत तापवलं. अंमळ जास्तच तापवलं. का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

दुपारी भावकी जमली. भाट होता, मुरलीधर आणि त्याची आई एका बाजूला उभे होते, आणि भावकीत सगळ्यांत वडीलधारे तात्याबा दगडाशेजारी घोंगडीवर बसले होते. आम्ही तिघी लिंबाच्या अलीकडे. ऊन असं की टोपल्यातल्या पुरणपोळ्या पुन्हा गरम व्हाव्यात. अक्का खाली बघत होती आणि एका हाताच्या अंगठ्यानं दुसरं मनगट चोळत होती. आप्पांनी उजव्या अंगाला थर चढवला, कढत तेल ओतलं, परत थर चढवला. फुलं लावली. सगळे हात जोडून बसले. डावीकडचं फूल हलायला लागलं. आप्पांच्या मिशीत हसू आलं ते मला तिथूनही दिसलं.

आणि मग उजवीकडून आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. शेंदराला वरून खाली भेग गेली. कढत तेल आत उतरलं होतं, मेण सुटलं होतं, आणि त्यावर नवं ओझं. उजवं अंगच्या अंग घसरलं, फुलासकट धप्पकन जमिनीवर आलं. त्याच्यामागोमाग पुढचा भाग, चांदीचे डोळे, आणि शेवटी डावीकडचं. पिढ्यान्‌पिढ्यांचा देव आमच्यापुढे ढेकळांसारखा फुटून पडला. आत दगड होता, काळा, नितळ, जणू काल घडवलेला. वर चंद्र-सूर्य. मधोमध कोपरात वाकलेला एक हात, पंजा उघडा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या.

असे दगड आमच्या भागात ओळखायला शाळा लागत नाही. तो सतीचा हात होता. कुणी एक बाई तिथे जाळली गेली होती. तिला नाव नव्हतं, आणि जे काही होतं त्यावर आम्ही शेंदूर फासून, चांदीचे डोळे लावून तिला पुरुष केलं होतं. वर तिच्याजवळ बायकांनी यायचं नाही असा नियम केला होता. मी आजही हे लिहिताना पेन दाबून धरते आहे.

पहिलं तोंड भाटाला फुटलं. "धन्य, महाराज! घराण्यातली सती प्रगट झाली! विधवेनं कसं ऱ्हावं ते सांगाया आली!" एका श्वासात मूळपुरुषाची सती झाली, आणि सती झाल्याबरोबर ती माझ्या बहिणीला उपदेश करायला उभी राहिली. आप्पांनी ते झेललं. "बराबर. बिलकुल बराबर. न्हाई म्हणती ती."

तेव्हा माय लिंब ओलांडून गेली. पुरणपोळ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊनच गेली. कुणी तिला अडवलं नाही, कारण असं कधी होईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. दगडापुढे टोपलं ठेवून ती म्हणाली, "उजवं आधी पडलं. म्या पाह्यलं. तात्याबा, तुमी बी पाह्यलं का न्हाई?"

तात्याबांनी घसा साफ केला. "सूनबाई म्हणती ते खरं हाय. उजवंच आधी पडलं."

"ह्यो दगड बाईचा हाय!" आप्पा ओरडले. "ह्याचा कौल चालत न्हाई!"

"मंग ठरवा आता," माय म्हणाली. तिचा आवाज अजून खालीच होता. "मूळपुरुष असंल तर त्यानं व्हय म्हणून कौल दिला. आन्‌ नसंल, तर आपण कोण? द्वारकेहून कोण आल्तं? सांगा समद्यास्नी."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी आप्पांची गत झाली. ते दगडाकडे बघत होते, भावकीकडे बघत होते. अक्काकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी मनात म्हणत होते, आप्पा, म्हणा की आम्ही कुणी यादव नाही, साधी माणसं आहोत, आणि माझ्या पोरीला सुख लागू द्या. किंवा निदान रागानं नाही म्हणा, तिला घरात ठेवा, पण तिच्यासाठी काहीतरी म्हणा. ते म्हणाले, "शेंदूर आणा. जल्दी आणा."

"शेंदूर लावला म्हंजे कौल मानला," माय म्हणाली.

आप्पांनी उरलेला शेंदूर दोन्ही हातांनी घेतला आणि त्या बांगड्यांवर थापला. भावकीतले बाकीचे पुढे झाले. खाली पडलेली ढेकळंही गोळा करून, तेलात कालवून पुन्हा चढवली. हात झाकला गेला, चंद्र-सूर्य झाकले गेले, चांदीचे डोळे परत बसले. गाव त्यावर पुन्हा कधी बोललं नाही, कारण ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांचे हात शेंदरानं लाल होते. मुरलीधरची आई तेवढी पुढे आली, तिनं अक्काच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चल माय, घरी."

असा माझ्या बहिणीचा पाट लागला. लोक म्हणतात, शेवटी चांगलं झालं ना? झालं. अक्का बदनापूरला सुखात राहिली, तिला मुलं झाली, न्हाणीतून तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा आणि मुरलीधर चहा स्वतः करायचा. पण तिला आप्पांनी दिली ती बाप म्हणून नाही दिली. रामदेवरायानं गड राखायला मुलगी दिली म्हणतात. आमच्या आप्पांनी दगड राखायला दिली. आणि दिल्यावर घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. तिचं नाव घरात घ्यायचं नाही असा हुकूम झाला. ज्यानं दगडाला बाईचा हात लागू दिला नाही तो माणूस मुलीच्या नावाला एवढा भ्यायला, याचा मला आजही अर्थ लागत नाही, आणि लावायचाही नाही.

माय गेली तेव्हा अक्का धावत आली. आप्पांनी तिला गावात येऊ दिलं नाही. ज्या लिंबाच्या पुढे बायकांनी पाऊल टाकायचं नव्हतं, त्या लिंबाच्या अलीकडेही तिनं येऊ नये म्हणून त्यांनी दोन पुतणे उभे केले. मायची तिरडी तिकडून गेली तेव्हा अक्का मूळपुरुषाच्या पायाशी बसली होती, कारण लिंबाखाली पुतणे उभे होते आणि गावाबाहेर तेवढीच सावली उरली होती. मी धावत जाऊन तिच्याशेजारी बसले. ती रडत नव्हती. नखानं शेंदूर खरवडत होती, मनगटाच्या जागी, सावकाश, आणि काळा दगड दिसायला लागला तेव्हा तिनं तिथे हात टेकला.

अक्काही आता नाही. भाच्याच्या वंशावळीत तिचं नाव नाही, तिच्या मुलांचं नाही, मायचंही नाही. मी फक्त प्रस्तावनेपुरती. काल दसरा होता. मी रिक्षा करून गावी गेले. आता दगडावर पत्र्याचं छत आहे, फरशी आहे आणि "स्त्रियांनी आत येऊ नये" अशी पाटी आहे, तीही शेंदरी रंगात. दरवर्षी मी जाते आणि मनगटाच्या जागचा शेंदूर काढते; दरवर्षी कुणीतरी तो परत लावतं. यंदा नखं चालेनात म्हणून घरून स्टीलचा चमचा नेला होता. पाटीला वळसा घालून आत गेले, बूड टेकलं, आणि खरवडायला लागले. भाचा पळत आला, फेटा सावरत, मागे कॅमेरावाला.

"आत्या! अहो आत्या, हे काय करून राह्यल्या?"

"गप बस," मी म्हणाले. "तुझ्या मूळपुरुषाच्या बांगड्या मोजून राह्यले."